मस्कतचा उजेड, सलालाचा लोबान

अंधेरीहून मस्कतला विमानाने अडीच-तीन तास लागतात. महामार्गाने चिपळूणला जायचं, तर सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोहोचेल याची खात्री नसते. तरी ओमान सोडून आल्यापासून आम्ही चिपळूणला किती वेळा गेलो याची गणती नाही आणि मस्कतला एकदाही गेलेलो नाही. सहारवरून उडालेली विमानं गच्चीतून दिसतात. जुहूवरून समुद्रावर जातात आणि धुरकट हवेत नाहीशी होतात.

आपल्या घरांत, विशेषतः रत्नागिरी-रायगडकडच्या, एखादा तरी मामा किंवा चाचा आखातात राहून आलेला असतोच. जोगेश्वरी, कुर्ला, मुंब्रा इथल्या कितीतरी भिंती त्या पैशांनी उभ्या राहिल्या. पण परतलेल्या माणसाकडून निघतात त्या गोष्टी पगाराच्या, कफीलच्या आणि उन्हाच्या. तो देश दिसायला कसा होता, त्याला वास कसला होता, हे कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. जणू कमवायला गेलेल्या माणसाला डोळे आणि नाक नसतात.

आम्ही दोघं मस्कतच्या रुवी भागात एकोणीस वर्षं राहिलो. रुवी म्हणजे उघड्या डोंगरांमधली दरी. खाली दुकानं, भारतीय खानावळी, बस-टॅक्सीची गर्दी, आणि मान वर केली की खडक. झाड नाही, गवताची काडी नाही. पहिलं वर्षभर ते डोंगर अंगावर येत. कोकणातून गेलेल्या डोळ्यांना डोंगर म्हणजे हिरवाच लागतो. मग कधीतरी फजरनंतर खिडकीत उभं राहायची सवय लागली. पहिल्या उजेडात खडक जांभळट दिसे, दहा मिनिटांत तपकिरी होई. दुपारी सगळं पांढरंफटक, बघवत नसे. मगरिबच्या थोडं आधी मात्र तोच डोंगर गुळाच्या ढेपेच्या रंगाचा होई, आणि त्याची प्रत्येक चीर सुईने काढल्यासारखी स्पष्ट दिसे. हा खडक मुळात समुद्राच्या तळाखालचा, पृथ्वीच्या हालचालींनी जमिनीवर चढलेला. तो पाहायला जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ तिथे येतात.

अंधेरीत त्याच्या जवळपास जाणारं काही असेल तर ते गिल्बर्ट हिल. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, साधारण 60 मीटर उंचीचा काळा उभा खांब. आता इमारती आणि झोपड्यांनी चहूबाजूंनी घेरलेला. संध्याकाळी तिथून जाताना आम्ही थांबतो. खडक चांगला आहे, तक्रार नाही. पण मुंबईचा उजेड दमट हवेतून आणि धुळीतून गाळून येतो; मस्कतचा थेट येतो.

मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीचा दगडसुद्धा आठवतो. 2001 मध्ये खुली झालेली ही भव्य मशीद भारतातून नेलेल्या वालुकाश्माची आहे. आमच्यासारखाच तो दगड तिकडे कामाला गेला. फरक इतकाच की त्याला परत पाठवलं नाही.

सलालाबद्दल मात्र लिहू तितकं थोडं. ओमानच्या दक्षिणेला, मस्कतपासून रस्त्याने सुमारे एक हजार किलोमीटर. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत बाकी देश भाजून निघत असतो, तेव्हा इथे धुकं आणि बारीक पाऊस. जे नैर्ऋत्य मोसमी वारे मुंबईला झोडपतात, तेच धोफारच्या डोंगरांना ओलावून जातात. या हंगामाला तिथले लोक ‘खरीफ’ म्हणतात. आपल्या शेतकऱ्याचा खरीप तो हाच शब्द. अरबीत त्याचा अर्थ शरद ऋतू. ‘मोसम’ही अरबीतूनच आपल्याकडे आला. रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी, पपया मांडलेल्या टपऱ्या असतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही गाडीतून उतरून नुसते उभे राहिलो होतो. ओल्या मातीचा आणि नारळाच्या झावळ्यांचा वास, आणि कानावर अरबी. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे आला, तेव्हा त्यालाही नारळ आणि विड्याची पानं पाहून हिंदुस्थान आठवला. इथून घोडे जहाजांनी हिंदुस्थानात जात, हेही त्याने नोंदवलं आहे.

डोंगर ओलांडून पलीकडे गेलं की पाऊस संपतो. धुकं जिथे पोहोचत नाही, त्या कोरड्या दऱ्यांमध्ये लुबानची झाडं असतात. बुटकी, वाकडी, कागदासारखी साल सुटलेली. कामगार छोट्या पात्याने साल खरवडतो, तिथून पांढरा चीक पाझरतो आणि वाळून त्याचे खडे होतात. पहिल्या खेपेचा माल हलका. झाडाला पुन्हापुन्हा खरवडल्यावर चांगला खडा मिळतो. सर्वांत नामी तो होजारी, फिकट हिरवट झाक असलेला. निखाऱ्यावर टाकला की आधी लिंबाच्या सालीसारखा वास येतो, मग थंड राळेचा. मस्कतच्या मत्रह बाजारात शिरलं की तो कपड्यांत बसतो.

इकडे गुरुवारी संध्याकाळी एस. व्ही. रोडवर लोबानवाला दुकानादुकानांतून धुराचं भांडं फिरवतो. नाव तेच, वास वेगळा. आपल्या बाजारात ‘लोबान’ म्हणून मिळतो तो बहुधा इंडोनेशियाकडच्या निराळ्याच झाडाचा डिंक. अरब त्याला ‘जावी लुबान’ म्हणत. त्यापेक्षा सातपुड्यातली आणि विदर्भातली सालई ओमानच्या झाडाची खरी भावकी. आम्ही आणलेले होजारी खडे कधीच संपले. ज्या डब्यात ते होते तो डबा मात्र कशासाठीही वापरू दिलेला नाही. झाकण उघडलं की अजून थोडं काही लागतं, किंवा लागल्यासारखं वाटतं.

आणि जबल अख्दरचे गुलाब. निजवाजवळ बिरकत अल्-मौजला पोलीस चौकी आहे. तिथून वर फक्त फोर-व्हील गाड्या सोडतात. सुमारे दोन हजार मीटर उंचीवर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यांना फलजचं, म्हणजे पाटाचं पाणी. मार्चअखेरपासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत गुलाब फुलतो. पाकळ्या मातीच्या भट्टीवर उकळून गुलाबजल काढतात. त्याला धुराचा किंचित वास असतो. बाटलीबंद गुलाबजल वापरणाऱ्याला तो दोष वाटेल. आम्हाला आता दुसरं गुलाबजल बेचव लागतं.

त्या देशाने आम्हाला ठेवून घेतलं नाही. करारातच नव्हतं. नोकरी संपली, रेसिडेन्स कार्ड रद्द झालं, पेट्या बांधल्या. जायचं तर आता पर्यटक म्हणून, हॉटेलचं भाडं भरून. रुवीतल्या आमच्या खिडकीत दुसरं कोणी उभं असेल. तरी जायचं आहे, आणि लवकर. आमच्यापैकी एकाला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली राखायची. वास थांबतील, उजेड थांबणार नाही.

थोरल्या आपाला हे पटत नाही. “पैसे साठलेत तर पुन्हा उमरा करा. मस्कतला काय आहे?” उमऱ्याची ओढ आहेच, तिची याच्याशी तुलनाच नाही. आम्ही आपाला हजरत बिलाल (रजि.) यांची गोष्ट सांगितली. हिजरतनंतर मदिन्यात त्यांना ताप चढे, आणि ताप उतरला की ते मक्क्याच्या दरीची, तिथल्या इजखिर गवताची आठवण काढत. हजरत आयशा (रजि.) यांनी ही हकीकत सांगितली आहे. इजखिर हे सुगंधी गवत, आपल्या गवती चहाच्या जातकुळीतलं. ज्या मक्क्यात त्यांना गुलाम म्हणून तापल्या वाळूवर झोपवलं, छातीवर दगड ठेवला, तिथलं त्यांना आठवलं ते गवत. प्रेषितांनी (स.) त्यांना त्याबद्दल रागावलं नाही, मदीनाही आम्हाला मक्क्याइतका किंवा त्याहून प्रिय कर, अशी अल्लाहकडे दुआ केली.

आपा शांतपणे ऐकून म्हणाली, “ते मक्का होतं. हे मस्कत आहे.”

यावर आमच्याकडे उत्तर नाही. तिकिटांची चौकशी मात्र केली आहे. रुवीतल्या जुन्या ओमानी शेजारणीला फोन केला. ती अजून तिथेच आहे आणि तिचं हिंदी अजून तसंच आहे. काय आणू विचारलं, तर म्हणाली, आमसुलं. माशाच्या कालवणात घालायची आमच्याकडूनच शिकली होती. किती? पाच किलो. आता पंचाईत अशी, की गुलाबासाठी एप्रिलमध्ये जायला हवं आणि नवी आमसुलं तोवर वाळलेली नसतात. गेल्या सालची कोणाकडे उरली आहेत का, ते बघायला चिपळूणला सांगून ठेवलं आहे.