पलटणीचे गाव हिंगोली

हिंगोली म्हटले की बाहेरच्या माणसाला औंढ्याचे नागनाथ मंदिर आठवते, नाहीतर कयाधूकाठचे संत नामदेवांचे नरसी. जिल्ह्याचे शहर मात्र पाहायचे राहून जाते. पूर्णा-अकोला रेल्वेमार्गावर हे शहर आहे. फलाटावरच्या पाटीवर ‘हिंगोली डेक्कन’ असे भारदस्त नाव दिसते. पूर्वी येथून मीटरगेजची छोटी गाडी धावायची. २००८ मध्ये मोठी लाईन झाली आणि २०२४ पासून मुंबईची जनशताब्दी थेट हिंगोलीपर्यंत येऊ लागली. सुट्टीत पाहुण्यांकडे जाणे झालेच तर एक दिवस हे शहर पायी बघा. मुलांनाही बरोबर घ्या. येथे लेणी नाहीत, किल्ला नाही. येथे बघायची ती मोहल्ल्यांची नावे.

पलटण. रिसाला. तोफखाना. पेन्शनपुरा. सदर बाजार.

मुलांना अर्थ विचारा. पलटण म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ, तोफखाना तर कळतोच. चाकरी संपलेले शिपाई राहिले तो पेन्शनपुरा आणि फौजेला दाणागोटा, कापडचोपड पुरवणारी पेठ म्हणजे सदर बाजार. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज होती. तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, अशा ठिकाणी होत्या. त्यांतलीच एक हिंगोलीची. १९०३ साली ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली आणि छावणी उठली. शिपाई गेले, घोडे गेले, तोफा गेल्या. नावे मात्र शंभरावर वर्षे झाली तरी लोकांच्या तोंडी आहेत.

वाचकहो, यात एवढे काय, असे वाटेल. म्हणून आता आपल्या मूळ गावाची रचना आठवा. मध्ये चावडी, देऊळ आणि पाटलाचा वाडा. मग एकेका जातीची आळी. गावकूस संपले की त्याच्या बाहेर, बहुतेक ओढ्याच्या खालच्या अंगाला, आपली वस्ती. नुसता पत्ता सांगितला की जात कळायची. ‘कोणत्या आळीचा?’ हा प्रश्न साधा नव्हता. छावणीची आखणी निराळी. माणूस बंदूक चालवतो, घोडा राखतो की तोफ ओढतो, यावर त्याची राहण्याची जागा ठरायची. त्यामुळे पत्त्यावरून त्याचे काम कळायचे.

छावणीला उगाच मोठेपणा द्यायचे कारण नाही. तेथे साहेबांचे बंगले एका बाजूला आणि देशी शिपायांच्या लाईनी दुसऱ्या बाजूला असत. झाडूवाला तेथेही झाडूवालाच होता. पण त्या जगाचा आपल्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीत झाला आणि त्यांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवीत होते. छावणीबाहेरचे जग कसे होते ते लहानग्या भीमरावाला मसूर स्टेशनवर कळले. चांगले कपडे घातलेली ही मुले कोण, हे समजताच स्टेशनमास्तर दूर सरकला आणि गाडीवाले भाड्याने न्यायला तयार होईनात.

१९७८ च्या जुलैअखेर विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. होरपळलेली कितीतरी कुटुंबे खेडी सोडून तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी आली, मिळेल त्या जागी पत्रे ठोकून राहिली. अशा वस्त्यांना नावे कुणी सरकारने दिली नाहीत, लोकांनीच दिली. भीमनगर, सिद्धार्थनगर, मिलिंदनगर, रमाबाईनगर. मराठवाड्यातल्या कोणत्याही शहरात उतरा, यातले एखादे नाव भेटेलच. शासनाला हे सुचायला डिसेंबर २०२० उजाडले. तेव्हा राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यायचे ठरवले. चांगले झाले. पण पाटी बदलली म्हणून नळाला पाणी येत नाही आणि गटार आपोआप झाकले जात नाही.

केविन लिंच नावाच्या अमेरिकन नगररचनाकाराने बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांना आपापल्या शहराचे नकाशे काढायला लावले आणि १९६० साली त्यावर पुस्तक लिहिले. माणूस शहर डोक्यात ठेवतो ते रस्ते, चौक आणि ठळक खुणा धरून, असे त्याला दिसले. आपल्या बायाबापड्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. नव्या गावात एसटीतून उतरल्यावर त्या आधी विचारतात, बाबासाहेबांचा पुतळा कुठे आहे? तेथून पुढची वाट सापडते, ओळखीचे कुणी ना कुणी भेटते.

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब लोक आले, गावाबाहेर प्लॉट पडले. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ८५ हजारांवर गेली. औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वलहरी टिपणारी ‘लायगो’ प्रयोगशाळा उभारायला एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली, म्हणजे पुढेही वसाहती वाढणार. नव्या कॉलनीचे नाव कितीही गोड असो, खोली भाड्याने बघायला गेलेल्या आपल्या शिक्षक पोराला घरमालक पहिल्यांदा आडनाव विचारतो, हा अनुभव महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत येतो. तोफखान्यात राहणाऱ्याचा पत्ता जात सांगत नाही. नव्या कॉलनीत ती दारातच विचारून घेतात.

दसऱ्याच्या सुमारास गेलात तर रामलीला मैदान बघा. येथल्या दसऱ्याला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. प्रदर्शन लागते, आकाशपाळणे येतात, खेड्यापाड्यांतून माणसे लोटतात. आपल्यासाठी ती अशोक विजयादशमी. नागपूर नाहीतर अकोल्याचा धम्मचक्र प्रवर्तन सोहळा गाठायचा म्हणून पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया डबे बांधून गाडीची वाट बघत असतात. लेकरे तेवढी मैदानातल्या पाळण्यासाठी हट्ट धरून बसतात. मग आई म्हणते, ‘परत आल्यावर बसू,’ आणि गाडी आली की सगळी पोरे खिडकीची जागा धरायला धावतात.