गृहीतकाबाहेरची माणसे

साहित्याच्या अभ्यासकाने गणिताच्या तासाची आठवण सांगावी, हे काहीसे विसंगत वाटेल. तथापि ‘गृहीतक’ या संज्ञेचा अर्थ मला समीक्षाग्रंथांपूर्वी नववीतील गणिताच्या एका उपक्रमात उमगला, म्हणून ती येथे नोंदवीत आहे.

१९७२-७३ च्या दुष्काळातील ही गोष्ट. गणिताच्या सरांनी एके दिवशी पुस्तक बाजूला ठेवून विचारले, “गावच्या विहिरीचे पाणी किती दिवस पुरेल?” पाठ्यपुस्तकातील उदाहरणात आवश्यक ती माहिती दिलेली असते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (इ. स. ११५०) मोर बसलेल्या खांबाची उंची आणि सापाचे अंतर आधीच सांगितलेले असते. येथे काहीच दिलेले नव्हते. काय मोजायचे आणि काय सोडायचे, हे आम्हीच ठरवायचे होते. वास्तवाचे असे सोपे केलेले रूप म्हणजे गणिती प्रतिमान, असे सरांनी समजावून सांगितले.

आम्ही दोरी सोडून मापे घेतली. विहिरीचा व्यास ६ मीटर, पाणी ३ मीटर. म्हणजे सुमारे ८५ हजार लिटर. ग्रामपंचायतीतून लोकसंख्या मिळाली ८५०. माणशी रोज १० लिटर धरले. जनावरे छावणीत होती, त्यांचा हिशेब सोडला. पाझर शून्य मानला. उत्तर आले १० दिवस. ते मी अभिमानाने फळ्यावर मांडले.

विहिरीचा तळ दिसला तो बाराव्या दिवशी. चूक कोठे झाली, असे सरांनी विचारताच मी म्हणालो, “पाझर असणार.” तेव्हा मागच्या बाकावरील एक मित्र उठला. “सर, आमच्या वस्तीची दीडशे माणसं यानं मोजलीत. पण आम्ही त्या विहिरीवर कुठं पाणी भरतो?”

वर्ग स्तब्ध झाला. सरांनी ८५० खोडून ७०० लिहिले. भागाकार आला बारा दिवसांहून किंचित अधिक.

महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा ४६ वर्षे होत होती. अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरविणारा १९५५ चा कायदाही होता. परीक्षेपुरते हे आम्हांला पाठ होते. मी रोज त्याच विहिरीवरून घागर आणीत असे, परंतु वस्तीतील कोणी तेथे येत नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. ती माणसे नदीच्या वाळूत खड्डे खणून पाणी मिळवीत होती. आमच्या घरांना मिळालेले दोन दिवसांचे जादा पाणी त्यांच्या वाट्याचे होते. त्या मित्रापाशी मी हे कधी बोललो नाही.

प्रतिमान रचताना काही गोष्टी सोडाव्याच लागतात. त्यावाचून विचार पुढे सरकत नाही. पाझर मी जाणून सोडला होता. परंतु ‘सारे गाव या विहिरीवर पाणी भरते’ हे गृहीतक मी मांडलेच नव्हते, म्हणून ते तपासताही आले नाही. पुढे ‘बलुतं’ (१९७८) वाचताना मागच्या बाकावरचा तो प्रश्न पुन्हा ऐकू आला. वाङ्मयेतिहास शिकविताना ‘मराठी समाज’, ‘मराठी वाचक’ हे शब्द फळ्यावर लिहिले की माझा हात थबकत असे. संशोधनाचा आराखडा घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला मी आजही प्रथम हेच विचारतो : यात मोजलेल्यांपैकी विहिरीवर कोण येत नव्हते?