बाई, तुमच्याकडे एकपण नाही ना!

माझी भाची सध्या डी.एल.एड. करतेय. परवा संध्याकाळी आली ती अगदी रडकुंडीला येऊन. "मावशी, उद्या पहिलीवर माझा पाठ आहे. मुलं भलतंच काही बोलली तर?"

"बोलणारच! आधी चहा घे," म्हटलं आणि 1982 सालची माझी फजिती तिला सांगायला बसले.

आमच्या वेळी त्याला डी.एड. म्हणत. पाठ घ्यायचा तर साडी नेसूनच जायचं. पहिल्या दिवशी घाईघाईत नेसले आणि मोठ्या ऐटीत वर्गात शिरले. पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची चिमुरडी तोंडावर हात ठेवून म्हणाली, "बाई, तुमची साडी उलटी!" खाली बघते तो काय, फॉलची पट्टी बाहेर!

पाठ होता 'गाय'. टाचणात प्रस्तावनेचे प्रश्न सुबक अक्षरात लिहिलेले, शेजारी मुलांची अपेक्षित उत्तरंसुद्धा! "आपल्याला दूध कोण देतं?" मी विचारलं. एकजण ताडकन उठला, "गवळी! पण आता नाही देत. बाबांनी पैसे थकवलेत."

वर्ग खो खो हसला. मीही हसले. मग त्याचा उतरलेला चेहरा दिसला. यावर काय बोलायचं, ते टाचणात नव्हतं. "शाब्बास, बस खाली," म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला. ते 'शाब्बास' घरी गेल्यावर मलाच टोचत राहिलं. त्यानंतर त्या मुलानं कधी हात वर केला नाही.

शेवटचा पाठ त्याच वर्गावर, वजाबाकीचा. मागे निरीक्षक बाई वही उघडून बसलेल्या. चाळीस मुलांना दहा-दहा, असे चारशे चिंचोके आईनं आणि मी आदल्या रात्री मोजून ठेवले होते. वाटून होतात न होतात तोच निम्म्या मुलांनी ते तोंडात टाकले. "बाई, हे भाजलेले नाहीत!" अशी तक्रारही आली.

कसंबसं सावरून मी विचारलं, "दहातले तीन बाईंना दिले, तर किती उरले?" तोच गवळीवाला मुलगा उठला, टेबलापाशी आला आणि दहाच्या दहा चिंचोके त्यानं माझ्या हातावर ठेवले.

"अरे, तीनच द्यायचे होते."

"पण बाई, तुमच्याकडे एकपण नाही ना!"

या वेळी मी 'शाब्बास' म्हटलं नाही. त्याच्याजवळ खाली बसले. पाच त्याला, पाच मला अशी वाटणी केली. तेवढ्यात घंटा झाली.

निरीक्षक बाईंनी शेरा लिहिला, 'वजाबाकी राहिली. मूल बोलले.' गुण मात्र बेताचेच दिले!

1945 साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली, मुलं येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, हे मी परीक्षेत घोकून लिहिलं होतं. मुलाजवळ जाऊन बसायचं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

भाचीचा चहा केव्हाच निवला होता. जाताना दारातून म्हणाली, "मावशी, घरात चिंचोके आहेत का गं? भाजलेले हवेत हं!"

"देते. आणि उद्या फॉल आत आहे ना, तेवढं बघ!"