जॉबशीटवर काय लिहिलं?

27 मे 2025
शेजारची लेक दुपारी कॉम्प्युटर ऑटोत टाकून थेट आमच्याकडे आली. तहसील कार्यालयाजवळ तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं टेबल आहे. अकरावीचे प्रवेश यंदा पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन, पोरांची गर्दी उसळलेली, आणि मार्चमध्ये घेतलेलं कोरं यंत्र अर्धा तास चाललं की बंद पडतं.
"सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, तुमच्या बल्लारपूरचं व्होल्टेजच खराब. कसं करावं जी काका आता?"
माझी सगळी नोकरी पेपरमिलमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून झाली. मीटर लावल्याशिवाय व्होल्टेजला दोष देणारा माणूस मला खपत नाही.

28 मे
सकाळीच तिच्या टेबलावर मीटर लावला. फेज-न्यूट्रल 231, फेज-अर्थ 230, न्यूट्रल-अर्थ जेमतेम 1. अर्थिंग चोख. त्याच प्लगवर तिचा जुना कॉम्प्युटर दिवसभर कुरकुर न करता चालला. संध्याकाळी नवं यंत्र माझ्या घरी लावून कान देऊन बसलो. आतला पंखा आधी नीट फिरतो, मग घरघरतो, मग थांबतो; मागचं झाकण हात ठेववत नाही इतकं तापतं आणि पडदा काळा होतो. ते उघडायला हात शिवशिवत होते, पण सील तुटलं की कंपनीला आयतं निमित्त मिळतं. वहीत फक्त वेळा टिपल्या.

30 मे
तिच्यासोबत चंद्रपूरला सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. आधीच्या जॉबशीटवर एवढंच: "फॉरमॅट केले, ओके." व्होल्टेजचं कारण कागदावर कुठेच नाही, सगळं तोंडी. मी काउंटरवरच्या पोराला म्हटलं, बाबा, समोर चालू कर, आपण थांबू. यंत्र बंद पडलं तेव्हा त्याच्याकडून तसंच लिहून घेतलं: सिरीयल नंबर, जमा केल्याची तारीख, "चालू असताना बंद पडते, पंखा थांबतो." खाली सही-शिक्का. पोरगा भला होता. त्याला वरून जे सांगतात ते तो बोलतो.
दुकानदार मात्र म्हणाला, "बिल झालं, आमचा संबंध संपला. कंपनीशी बोला." असा संबंध संपत नाही. पैसे त्याने घेतले, बिल त्याने दिलं. तक्रारीत कंपनीसोबत त्यालाही विरुद्ध पक्ष करता येतं.

3 जून
गल्लीतल्या एका जाणत्याने पोरीला घाबरवलं: यंत्र धंद्यासाठी घेतलं, म्हणजे तू ग्राहकच नाहीस. हे अर्धसत्य फार जणांना घरी बसवतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे खरी, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या कायद्यातला हाच मुद्दा सोडवताना दुसऱ्यांचं टायपिंग करून देण्यासाठी घेतलेल्या टाइपरायटरचं उदाहरण दिलं होतं. तो उद्योजक हरला, पण स्वतःच्या हाताने यंत्र चालवणाऱ्याची बाजू त्या निकालात स्पष्ट झाली. आमच्या पोरीचं टेबल त्या टाइपरायटरहून वेगळं नाही. हे तिला समजावल्यावर ती पहिल्यांदा ताठ बसली.

4 जून
कंपनी आणि दुकानदार, दोघांना नोटीस. बिल, जॉबशीट, माझ्या मीटरच्या नोंदी जोडल्या. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. उत्तराला पंधरा दिवस.

20 जून
कंपनीचा ईमेल आला: "व्होल्टेजमुळे बिघाड, वॉरंटीत बसत नाही, बोर्डाचे पैसे भरा." तपासणीचा अहवाल जोडलेला नाही. राग आला. वॉरंटी कार्डावरची बारीक अक्षरं कंपनीने स्वतः लिहिलेली. ती कायद्याच्या वर नाहीत. दोष तपासल्याशिवाय कळत नसेल, तर ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. मला तेच हवं आहे.

24 जून
जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल झाली. ई-जागृती पोर्टलवर तिने स्वतःच, जुन्या कॉम्प्युटरवर बसून भरली. कंपनीचं मुख्य कार्यालय शेकडो कोस दूर असलं तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, म्हणून प्रकरण चंद्रपूरलाच चालेल. वस्तूची किंमत 5 लाखांच्या आत असल्याने फी शून्य. मागणी: यंत्र बदलून द्या किंवा पूर्ण पैसे परत करा, शिवाय ऐन हंगामात बुडालेल्या कमाईची भरपाई. तपासणी लागली तर पाच महिन्यांत, एरवी तीन महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. उशीर होऊ शकतो, हे तिला सांगून ठेवलंय.
आता टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, तेच इथे लिहितो: जॉबशीटची सही-शिक्क्याची प्रत हातात आल्याशिवाय काउंटर सोडू नका. पुढे काय करावं सुचत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. आणि थकून दोन वर्षं जाऊ देऊ नका, आयोगाकडे जायची मुदत तेवढीच आहे.