अपग्रेडनंतरची फायरवॉल

घरची फायरवॉल बहुतेकांकडे राउटरच्या डब्यातच असते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. काही घरांत मात्र ती वेगळी असते: एखादा जुना पीसी किंवा दोन लॅन कार्डांचा छोटा संगणक, त्यावर लिनक्स नाहीतर ओपनबीएसडी. एका कार्डाला बाहेरची जोडणी, दुसऱ्याला घर. अशी फायरवॉल ठेवणारा माणूस तिच्या सोबतीने दहा-वीस वर्षे सहज काढतो. डबे बदलतात, टेलिफोनच्या तारेवरचे ब्रॉडबँड जाऊन फायबर येते, मुले मोठी होऊन स्वतःचे लॅपटॉप आणतात. नियमांची फाईल मात्र एका डब्यातून दुसऱ्या डब्यात कॉपी होत राहते आणि तिच्यात घराचा इतिहास साठतो. कधीच मोडीत गेलेल्या प्रिंटरसाठी मोकळा केलेला पोर्ट, जुन्या नोकरीतल्या व्हीपीएनची ओळ, परदेशी गेलेल्या भावाला घरचे फोटो पाहता यावेत म्हणून दिलेली वाट, हे सगळे तिथे असते.

तिचे मूळ काम सोपे आहे. आलेल्या प्रत्येक पॅकेटचा उगम, पत्ता आणि पोर्ट पाहायचा आणि नियमांच्या ओळी क्रमाने लावायच्या. लिनक्सवर पहिली निर्णायक ओळ जुळली की त्या साखळीतला निकाल लागतो. ओपनबीएसडीच्या ‘पीएफ’मध्ये ‘क्विक’ हा शब्द नसेल तर शेवटची जुळलेली ओळ खरी धरतात. सोसायटीचा वॉचमन बाहेर गेलेल्या रहिवाशाला परत येताना अडवत नाही, तशी फायरवॉलही आतून सुरू झालेल्या संवादाची नोंद ठेवते आणि त्याचे उत्तर आत सोडते. शिवाय घरातल्या सर्व यंत्रांचे खासगी पत्ते बाहेर जाताना एकाच सार्वजनिक पत्त्यात बदलायचे कामही तिच्याकडेच असते. त्याला नॅट म्हणतात. १९९४च्या आरएफसी १६३१मध्ये त्याची मांडणी झाली.

ज्या भाषेत हे नियम लिहायचे ती भाषाच दर काही वर्षांनी बदलत आली आहे. लिनक्सच्या २.० कर्नलवर ‘आयपीएफडब्ल्यूअॅडमिन’ होते, १९९९च्या २.२वर ‘आयपीचेन्स’, जानेवारी २००१च्या २.४वर ‘आयपीटेबल्स’, आणि जानेवारी २०१४च्या ३.१३ कर्नलपासून ‘एनएफटेबल्स’. ओपनबीएसडीने २००१च्या अखेरीस ३.० आवृत्तीत डॅनियल हार्टमायर यांनी लिहिलेले पीएफ आणले. त्याची भाषा वाचायला इतकी सुबोध की घरगुती फायरवॉलसाठी अनेकांनी तीच व्यवस्था निवडली. पण मे २०१०च्या ४.७ आवृत्तीत नॅटचे व्याकरण बदलले. तोवर ‘नॅट’ने सुरू होणारी स्वतंत्र ओळ असे, त्यानंतर तेच काम साध्या नियमाला ‘नॅट-टू’ जोडून सांगावे लागले. जुनी फाईल तशीच ठेवून अपग्रेड करणाऱ्याची फायरवॉल त्या दिवशी उठली, पण मालकाच्या नियमांविना.

या ठिकाणी ओपनबीएसडीची एक दूरदृष्टी नोंदवायला हवी. यंत्र सुरू होताना मालकाची फाईल वाचण्याआधीच एक तुटपुंजी नियमावली भरली जाते. ती बहुतेक सगळे अडवते, पण दुरून लॉगिन करण्याच्या एसएसएचला आत येऊ देते. मालकाच्या फाईलमध्ये एका ओळीची जरी चूक निघाली तरी पीएफ अख्खी फाईल नाकारते आणि ती तुटपुंजी नियमावलीच लागू राहते. घराचे इंटरनेट जाते, पण घर उघडे पडत नाही, आणि दुरुस्तीला मालक आत शिरू शकतो. बिघाडाची रीतही कोणीतरी विचारपूर्वक ठरवली होती, हे त्यातून कळते.

लिनक्सवर तसे नाही. एनएफटेबल्सही फाईल एकसंध वाचते आणि चूक दिसली की सगळीच फेटाळते. मात्र नुकत्याच सुरू झालेल्या यंत्रावर आधीचे नियम नसतातच, आणि नियम नसले की कर्नलचे धोरण ‘येऊ द्या’ हेच असते. त्या अवस्थेत नॅटही नसते. म्हणून घरातली पॅकेटे खासगी पत्ता घेऊनच बाहेर पडतात आणि त्यांना उत्तर येत नाही. घरच्यांना वाटते, इंटरनेट बंद आहे. प्रत्यक्षात फायरवॉलचा डबा स्वतः बाहेरच्या जगापुढे सताड उघडा असतो.

आयपीव्ही६ असेल तर परिस्थिती आणखी फसवी होते. त्यात सहसा नॅट नसते. घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. नियम गेले, पण पॅकेटे पुढे ढकलण्याची सोय टिकली, तर आयपीव्ही४ मेलेले आणि आयपीव्ही६ पहिल्यासारखे, अशी स्थिती होते. ब्राउझर दोन्ही मार्ग आजमावून जो चालेल तो धरतात, त्यामुळे मोठ्या साइट झटकन उघडतात आणि एखाद्या बँकेची किंवा सरकारी खात्याची साइट उघडत नाही. तक्रार येते ती ‘नेट स्लो आहे’ एवढीच. इकडे घरातला कॅमेरा आणि टीव्ही बाहेरून थेट गाठता येत असतात. आयपीव्ही६च्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे, तेव्हा मराठी घरांसाठीही हा कोपऱ्यातला विषय नाही.

फायरवॉलचा बिघाड असा दोन दिशांनी होतो. ती सगळे अडवू लागली तर पाच मिनिटांत घरभर ओरड होते. ती सगळे सोडू लागली तर कोणीच काही म्हणत नाही. अपग्रेडनंतरच्या तपासणीत दुसरी शक्यता आधी धरली पाहिजे, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा तपासायची राहते.

म्हणून पहिले काम म्हणजे बाहेरच्या जोडणीची तार काढणे. फायरवॉलला कीबोर्ड आणि पडदा जोडून, किंवा सीरियल तारेने, तिच्यासमोर बसावे. दुरून, तिच्याच मार्गे आत शिरून नियम बदलणे म्हणजे स्वतःला बाहेर कोंडून घेण्याची तयारी.

मग नियम खरोखर भरले आहेत का ते पाहायचे. फाईलमध्ये काय लिहिले आहे ते वाचून उपयोग नाही. कर्नलमध्ये या क्षणी काय आहे त्याची यादी मागवावी लागते. लिनक्सवर इथे एक जुना पेच आहे. डेबियन या लिनक्स वितरणात, जुलै २०१९च्या १० आवृत्तीपासून, ‘आयपीटेबल्स’ ही आज्ञा दिली तरी आत नियम एनएफटेबल्सच्या यंत्रणेत जातात; जुनी यंत्रणा ‘लेगसी’ या वेगळ्या नावाने शिल्लक आहे. एखादा प्रोग्रॅम जुन्या यंत्रणेत नियम घालत असेल आणि मालकाची स्क्रिप्ट नवीत, तर पॅकेटला दोन्हींतून जावे लागते. एका यादीत परवानगी दिसते आणि पॅकेट दुसरीत मरते. दोन्ही याद्या समोर ठेवल्याशिवाय हा गुंता सुटत नाही.

नियम भरलेले दिसले की तार परत जोडावी. नियम आहेत, पण जुळलेली पॅकेटे मोजणारे त्यांचे काउंटर शून्यावर आहेत, असे दिसले तर संशय लॅन कार्डांच्या नावांवर घ्यावा. जानेवारी २०१३च्या सिस्टमडी १९७ आवृत्तीपासून ‘एथ०’, ‘एथ१’ या नावांच्या जागी कार्ड कोणत्या खाचेत बसले आहे त्यावरून नाव पडते, उदाहरणार्थ ‘ईएनपी३एस०’. जुनी नावे टिकवून धरणारी फाईल डेबियन १०पासून अधिकृतपणे आधाराबाहेर गेली. एनएफटेबल्समध्ये कार्डाचा उल्लेख दोन तऱ्हांनी करता येतो. ‘आयआयएफ’ लिहिले आणि ते कार्ड नसले, तर फाईल भरतच नाही आणि चूक पडद्यावर दिसते. ‘आयआयएफनेम’ लिहिले तर फाईल निमूटपणे भरते, फक्त तो नियम कधीच जुळत नाही. दुसरी तऱ्हा सोयीची असते, कारण नंतर जन्मणाऱ्या पीपीपीओईसारख्या जोडण्यांनाही ती चालते; पण नाव बदलले की ती काहीच कळवत नाही.

फायरवॉलवरून बाहेरचा पत्ता पिंग होतो आणि घरातल्या यंत्रांवरून होत नाही, अशी खूण मिळाली तर पॅकेटे पुढे ढकलण्याचा कर्नलमधला खटका पाहावा. त्याची किंमत १ हवी. ऑगस्ट २०२५च्या डेबियन १३मध्ये हा खटका अनेकांचा शून्यावर गेला असणार, कारण ‘सिसकंट्रोल डॉट कॉन्फ’ ही वर्षानुवर्षांची फाईल सिस्टमडीने वाचणे त्या आवृत्तीत थांबले. खटक्याची ओळ तीच ठेवून ती ‘सिसकंट्रोल डॉट डी’ या फोल्डरातल्या वेगळ्या फाईलमध्ये हलवली की घर पुन्हा चालू होते. नियमांच्या फाईलमध्ये तासन्‌तास चूक शोधूनही ती सापडली नसती.

पिंग जाते, साइटच्या नावावरून पत्ता मिळतो, पण पान अर्ध्यावर अडकते, हे लक्षण वेगळे. पीपीपीओईवर एका पॅकेटची मर्यादा १५००ऐवजी १४९२ बाइट असते. मोठे पॅकेट पाठवणाऱ्याला ‘लहान कर’ असा निरोप आयसीएमपीने जातो. नव्या नियमावलीने आयसीएमपी सरसकट अडवले किंवा टीसीपीचा तुकडा लहान करून देणारी ओळ गळाली, की लहान पॅकेटे जातात आणि मोठी हरवतात.

यानेही उलगडा झाला नाही तर पॅकेटे टिपून दाखवणारे टीसीपीडंप दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लावावे. पॅकेट आतल्या कार्डावर दिसते का, बाहेरच्या कार्डावर कोणत्या पत्त्याने निघते, उत्तर परत येते का: या तीन प्रश्नांनी बिघाडाची जागा पक्की होते. खासगी पत्त्यानेच निघाले तर नॅट गेलेले आहे. निघालेच नाही तर नियम, मार्ग किंवा तो खटका. उत्तर बाहेरच्या कार्डापर्यंत येऊन आत पोचत नसेल तर संवादाच्या नोंदी किंवा परतीचा नियम.

दुरुस्ती झाल्यावर बाहेरून तपासणी करायची, मोबाइल डेटावरच्या एखाद्या लॅपटॉपवरून पोर्ट चाचपून. इथेही एक सापळा आहे. भारतातल्या अनेक फायबर जोडण्यांना कंपनी १००.६४पासून १००.१२७पर्यंतच्या राखीव पट्ट्यातला पत्ता देते आणि खरा सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. तिथे आयपीव्ही४ची तपासणी कंपनीच्या यंत्रापाशीच थांबते आणि फायरवॉल बंद असली तरी निकाल ‘सगळे बंद’ असा येतो. खरी परीक्षा आयपीव्ही६वर घ्यावी लागते, आणि डब्याच्या पत्त्यासोबत घरातल्या एखाद्या यंत्राच्या पत्त्यावरही. ती पार पडली की यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे, नियमांची यादी परत मागवून जुन्या यादीशी ताडून पाहावी आणि चालू फाईलची प्रत डब्याबाहेर ठेवावी. मोडीत गेलेल्या प्रिंटरची ओळ काढायचीही हीच वेळ असते.