त्याच्याकडे नको, त्याच्या शेजारी

थेट पाहिलं की नाहीसा होणारा आणि नजर जराशी बाजूला वळवली की हळूच परत येणारा एक उजेड असतो. उजेड म्हणावं इतकाही तो नसतो खरं तर. त्या जागी काळोख थोडा विरळ झालेला असतो, एवढंच. माणदेशातल्या आमच्या घराच्या माळवदावर, चैत्रातल्या एका पहाटे, दादाच्या लहानशा दुर्बिणीतून तो मी पहिल्यांदा पाहिला. धनू राशीत, उत्तराषाढाच्या खालच्या ताऱ्याजवळ. धनू रात्रीची ऐन वर येते ती आषाढ-श्रावणात, आणि तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेलं. म्हणून तिला गाठायचं ते उन्हाळ्याच्या तोंडी, उजाडायच्या आधी. माळवदाची माती रात्रभर निवून गार पडलेली असायची, दुर्बिणीची धातूची कड पापणीला टेकली की अंगावर काटा यायचा, आणि दादा कुजबुजायचा, "त्याच्याकडे बघू नकोस गं, त्याच्या शेजारी बघ." मी शेजारी बघायची. आणि तो यायचा.

अजूनही डोळे मिटले की तो गारवा आणि तो उजेड एकदमच येतात.

त्याचं नाव एम ५४. शार्ल मेसिए यांनी १७७८ साली त्याची नोंद केली, आणि पुढची दोनशेहून अधिक वर्षं तो आपल्याच आकाशगंगेतला एक तारकागुच्छ मानला गेला. आम्ही माळवदावरून बघत होतो तेव्हाही तो आपल्या घरचाच होता. मग १९९४ साली इबाटा, गिलमोर आणि अर्विन या तिघांना आकाशगंगेच्या गाभ्याकडचे तारे तपासताना त्यांत एक वेगळीच चाल असलेला घोळका सापडला. गाभ्याच्याही पलीकडे, धुळीच्या आणि ताऱ्यांच्या गर्दीआड, एक अख्खी बटू दीर्घिका दडलेली होती, आणि एम ५४ नेमका तिच्या हृदयाशी. सुमारे ८७ हजार प्रकाशवर्षं दूर. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते. त्या पहाटे माझ्या पापणीशी आलेला उजेड दुसऱ्या दीर्घिकेचा होता!

ही बटू दीर्घिका आपल्या आकाशगंगेभोवती फिरते आहे, आणि फिरता फिरता उसवते आहे. प्रत्येक फेरीत आकाशगंगेची ओढ तिचे काही तारे सोडवून घेते. ते मागेपुढे लांबत गेले आणि आता त्यांची एक लांबच लांब धार आपल्या साऱ्या आकाशाला वेढून आहे. ते तारे हळूहळू आपले होत चालले आहेत. पण घेणारीही अगदी तशीच्या तशी राहिलेली नाही. २०१८ साली गाया यानाच्या मोजणीत सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांच्या हालचालींत एक वळत गेलेली लहर दिसली, कधीकाळी बसलेल्या धक्क्याची. आणि तो धक्का या बटू दीर्घिकेनेच दिला असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. मलाही ते खरं वाटतं, थोडं मनापासूनच. इतकी क्षीण, इतकी विरत चाललेली, आणि तिचा स्पर्श अजून आपल्या ताऱ्यांत थरथरतो आहे.

आकाशगंगेच्या सोबती दीर्घिकांपैकी बहुतेक अशाच, दुर्बिणीतूनही चटकन न दिसणाऱ्या. नुसत्या डोळ्यांना ठळक दिसतात ते दोन मॅगेलनी मेघ, पण ते दक्षिणेचं भाग्य. आमच्या माणदेशातून थोरला मेघ क्षितिजावर जेमतेम दोन-तीन अंश चढतो आणि तिथल्या धुळीतच मावळतो. पेरूमधल्या अरेक्विपाहून टिपलेल्या धाकट्या मेघाच्या छायाचित्रांच्या काचा हार्वर्डमध्ये बसून हेन्रिएटा लेव्हिट तपासत राहिल्या, आणि १९१२ साली त्यांनी त्यातल्या २५ ताऱ्यांवरून दाखवून दिलं की जो तारा सावकाश उजळतो-मंदावतो, तो मुळातच अधिक तेजस्वी असतो. देवयानी दीर्घिका किती दूर आहे हे पुढे कळलं ते याच मापाने. एका धाकट्या सोबतिणीने थोरल्यांची अंतरं मोजून दिली.

आणि मग तो फेर. १९७६ साली डोनाल्ड लिंडन-बेल यांच्या लक्षात आलं की आपल्या सोबती दीर्घिका चारी दिशांना विखुरलेल्या नाहीत. मॅगेलनी मेघांसकट त्यांतल्या कितीतरी एकाच उभ्या पट्ट्यात आहेत, आकाशगंगेच्या तबकडीला जवळजवळ काटकोनात. देवयानीभोवती तर २०१३ साली २७ पैकी १५ एका पातळ थरात सापडल्या. तो थर आपल्याला कडेने दिसतो, म्हणून देवयानीच्या मानाने एका बाजूच्या आपल्याकडे येताना आणि दुसऱ्या बाजूच्या दूर जाताना दिसतात; १५ पैकी १३ अशा एकाच दिशेने फिरणाऱ्या. हे वाचताना मला हादग्याचा फेर आठवतो. मध्ये पाटावर हत्ती, भोवती आम्ही, आणि फेराला वेग आला की थोरल्या मुलीच्या हाताची मनगटापर्यंत जाणवणारी ओढ. इथे मात्र कुणी कुणाचा हात धरलेला नाही.

मग हा फेर धरला कसा? न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याच्या धाग्यांवरून घोळक्याने आल्या म्हणून? गायाच्या मोजणीवरून काहीजण म्हणतात, आपल्याकडचा फेर आजच्या घडीचा आहे, काळाच्या ओघात तो सुटेल. दुसरे विचारतात, देवयानीभोवतीही तसाच, सेंटॉरस ए या दीर्घिकेभोवतीही तसाच, मग योगायोग तरी किती मानायचा? धनूतली ती उसवणारी तर या फेरात नाहीच. तिची वाट निराळी. देवयानीच्या सोबतिणींची आडवी चाल मोजणं फार चिकाटीचं काम. हबल दुर्बिणीने काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पाहिल्यावर त्यातल्या दोघींची चाल हाती आली, एनजीसी १४७ आणि एनजीसी १८५ यांची, आणि ती फेराशी जुळणारी निघाली. बाकीच्यांपैकी बहुतेकींची अजून मोजायची आहे. ती मोजली जावी, मला वाचायला मिळावी, आणि तो फेर खरा निघावा, असं मला फार वाटतं.