आजींच्या गोळ्या

कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली आठ दिवस तशीच भरलेली दिसली, तेव्हा कुठे सूनबाईंच्या लक्षात आले. आजींची बोटे संधिवाताने सुजलेली. त्यात बी.एस्सी.ला असलेली नात जेवताना सहज बोलून गेली होती, की कॅल्शियम धरून ठेवणारी काही प्रथिने सूज वाढवतात. झाले! आजींनी मुकाट्याने गोळ्या बंद केल्या. गेल्याच वर्षी मनगट मोडले होते, ते मात्र विसरल्या.

नात ओशाळली. आजींजवळ येऊन बसली.

"अगं, त्यांना एस-१०० प्रथिने म्हणतात. पहिले १९६५ साली गाईच्या मेंदूत सापडले. त्यातले ए-१२ एरवी पांढऱ्या पेशीत निमूट असते. पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम अगदी थोडे, बाहेर सुमारे १०,००० पट. पेशी चिडली किंवा फुटली, की ते बाहेर पडते, कॅल्शियम धरते आणि त्याचा आकारच बदलतो. मग दुसऱ्या पेशीवरच्या 'रेज' नावाच्या ग्राहीला जाऊन चिकटते."

"म्हणजे कडी वाजवते?"

"हो. आणि ती पेशी आणखी पांढऱ्या पेशींना हाका मारते. म्हणून सूज."

"मग कॅल्शियमच वैरी की!"

"नाही गं. बाहेर ते नेहमीच भरपूर असते. रक्तातले प्रमाण शरीर नेमके राखते. पोटातून कमी पडले, तर तुझ्या हाडांतून काढून घेते. डॉक्टरांनी उगाच दिल्यात का गोळ्या?"

आजींनी मनगट चाचपले. चष्मा लावून बाटलीवरची तारीख पाहिली.

"पाणी आण. आणि जेवताना असे अर्धवट काही सांगत जाऊ नकोस."